पाचवी ते आठवीचा गृहपाठ आणि आपण पालक



खोडव्याची निगा, माती परीक्षण, ऊस बिलाचे हप्ते हे या पत्रकाचे नेहमीचे विषय. या खेपेस विषय घरातला घेतला आहे, पण गळीत हंगामाशी त्याचा संबंध फार जवळचा आहे. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. शाळेचे दुसरे सत्र नेमके त्याच काळात पडते. तोड कधी येणार, गाडी कधी भरणार, रात्रीची लाईट किती वाजता येणार, या धावपळीत घरातल्या पोराने दप्तर उघडले की नाही हे पाहायला कोणाला सवड असते? पहिली-दुसरीत आई हात धरून गिरवून घेते. दहावीला सगळे घर जागे होते, पाहुण्यांना सुद्धा 'यंदा येऊ नका' म्हणून सांगितले जाते. मधल्या चार वर्षांत, म्हणजे पाचवी ते आठवीत, मूल कोणाच्याच डोळ्यांसमोर नसते.

आणि नेमकी हीच वर्षे घसरणीची असतात. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात मागे ठेवणे बंद झाले. त्यामागचा हेतू चांगला होता. नापासाचा शिक्का बसून शाळा सोडणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. पण पुष्कळ घरांनी त्याचा अर्थ 'पोरगं दरवर्षी पास होतंय, म्हणजे ठीक चाललंय' असा घेतला. 'असर' या नावाने प्रसिद्ध होणाऱ्या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीचा २०२४ चा अहवाल सांगतो की देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतील जेमतेम निम्म्या मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता येतो, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे गणित आठवीतील निम्म्याहून कमी मुलांना सुटते. आपल्या राज्याने २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. त्यात नापास झालेल्या मुलास फेरपरीक्षेची संधी मिळते. तीतही जमले नाही तर त्याच वर्गात बसावे लागते. तेव्हा 'दहावीला बघू' हे म्हणणे आता चालायचे नाही.

या प्रश्नाचे आजचे रूप पाहायचे तर मांजरीकडे बघावे. मांजरी बुद्रुक म्हटले की आपल्याला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आठवते. १९७५ साली डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ती संस्था सुरू झाली, आणि प्रशिक्षणासाठी, बेण्यासाठी, माती तपासून घेण्यासाठी तिथे जाऊन आलेले सभासद गावोगाव सापडतील. २०२१ मध्ये हे गाव पुणे महानगरपालिकेत गेले. उसाच्या फडाच्या बांधाला लागून आता इमारती उभ्या आहेत. अशा गावातल्या घरात आजोबांचे सगळे आयुष्य उसात गेलेले असते, बाप सकाळी नोकरीला आणि संध्याकाळी राहिलेल्या दोन एकरांत, आई घर, गोठा आणि रोपवाटिकेचे काम सांभाळते, आणि पोरगं सेमी-इंग्रजीत सातवीला असते. गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकीचे विषय मराठीत. रात्री वही पुढे आली की बाप म्हणतो, ''मला यातलं काय कळतंय? तुझं तू बघ.'' हे वाक्य आम्ही मांजरीत ऐकले आहे, आणि शहर जिथे पोचलेले नाही अशा वाड्या-वस्त्यांवरही ऐकले आहे.

आमचे म्हणणे एवढेच आहे की गृहपाठात मदत करायला त्यातले कळावेच लागते असे नाही. आमचे म्हणणे बाजूला ठेवले तरी त्याला आधार आहे. नॅन्सी हिल आणि डायाना टायसन या अमेरिकेतील दोन अभ्यासक स्त्रियांनी याच वयाच्या मुलांवर झालेल्या ५० संशोधनांचा एकत्र ताळा २००९ मध्ये मांडला. पालकांनी लक्ष घातल्याने मुलांचा अभ्यास सुधारतो असे त्यात दिसले, पण एक गोष्ट त्याला अपवाद निघाली, ती म्हणजे पालकांनी स्वतः गृहपाठात घातलेला हात. शेजारी बसून गणिते सोडवून देणाऱ्या पालकांची मुले त्यामुळे पुढे गेली असे दिसले नाही. सर्वांत जास्त संबंध दिसला तो वेगळ्याच गोष्टीचा: शिक्षणाचे मोल घरात बोलले जाते का, आज शिकलेले पुढे कशाला उपयोगी पडेल हे मुलाला दाखवले जाते का, अभ्यास कसा करायचा याची रीत त्याला लावून दिली जाते का. आता अमेरिकेतले घर आणि आपले घर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे हे खरे. पण ज्या गोष्टी त्यांना उपयोगी दिसल्या त्यांतल्या एकीलाही बापाची पदवी लागत नाही.

पहिली रीत वेळेची. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, आपल्यासारखेच उसाच्या पट्ट्यातले. तिथे २०२२ पासून संध्याकाळी ७ वाजता गावच्या देवळावरचा भोंगा वाजतो आणि घरोघरचे टी.व्ही. आणि मोबाईल बंद होतात. दीड तासाने, साडेआठला, पुन्हा भोंगा होतो. मधल्या वेळेत पोरांनी पुस्तक घ्यायचे. करोनाच्या काळात शाळा मोबाईलवर भरल्या आणि शाळा उघडल्यावरही पोरांच्या हातचा मोबाईल सुटेना, म्हणून गावाने हा उपाय काढला. गावातील बायकांनी तो उचलून धरला. त्याची बातमी पुढे देशभर गेली.

कारखान्याच्या भोंग्यावर पाळ्या बदलताना आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. भोंगा झाला की कामगाराला कोणी हाक मारावी लागत नाही. वडगावच्या उपायातही खुबी तीच आहे. आईने रोज 'बस रे अभ्यासाला' म्हणून घसा कोरडा करायची गरज उरत नाही, कारण सगळ्या गावाची तीच वेळ असते. दुसरे असे की मोठ्यांचाही मोबाईल बंद होतो. बापाने खाटेवर पडून रील बघायचे आणि पोराला 'वाच' म्हणायचे, हे कुठल्याच घरात चालत नाही. सगळ्या गावाला जमले नाही तरी एका वस्तीला, एका भावकीला, निदान एका घराला वेळ ठरवता येते. ती वेळ रात्री उशिराची नको. शेतावरून येऊन, जेवून, दहा वाजता वही उघडणारे मूल झोपेत लिहिते. दाऱ्यावर रात्रीचे पाणी धरायला सातवीतल्या पोराला बरोबर नेणे तर या दिवसांत टाळावेच. बॅटरी धरायला सोबत लागते हे आम्हांला माहीत आहे, तरीही टाळावे.

किती वेळ बसवायचे, हेही बघा. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणाने दुसरीपर्यंत गृहपाठ नको, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त २ तास आणि सहावी ते आठवी दिवसाला जास्तीत जास्त १ तास, अशी मर्यादा सुचवली आहे. म्हणजे सहावीच्या मुलाचा गृहपाठ रोज तीन-तीन तास चालत असेल तर एक तर शाळा जास्त देते, नाही तर मुलाला मागचे काही तरी येत नाही म्हणून ते अडून बसते. दुसरे कारण असेल तर तो दोष आजच्या गृहपाठाचा नव्हे. मागचे, बहुतेक वेळा भागाकार किंवा अपूर्णांक, कुठे सुटले हे गुरुजींना विचारावे. सातवीच्या मुलाला चौथीचा भागाकार पुन्हा शिकवण्यात लाज कसली? फडात नांगा पडल्या तर आपण त्या भरतोच ना.

दुसरी रीत विचारण्याची. 'अभ्यास झाला का?' या प्रश्नाला जगातले प्रत्येक मूल 'झाला' असेच उत्तर देते. त्याऐवजी, ''आज काय शिकवलं ते मला समजावून सांग, मला येत नाही'' असे म्हणावे. ज्याला खरेच येत नाही त्या बापाला तर हे म्हणताना खोटेही बोलावे लागत नाही! मूल सांगू लागले की त्याला कुठे कळले आहे आणि कुठे ते घोकलेले बोलते आहे, हे न शिकलेल्या माणसाच्या सुद्धा ध्यानात येते. अडखळले की सांगायला धावू नये. ''पुस्तकात परत बघ'' म्हणावे आणि गप्प बसावे. गप्प बसणे हे या कामातले सर्वांत अवघड काम आहे.

आणि ''मला काय कळतंय'' म्हणणाऱ्या बापाला खरे तर किती कळते, ते आता पाहू.

वजनकाट्याची पावती घ्या. भरलेली ट्रॉली २१.४८० टन, रिकामी ६.९३० टन, निव्वळ ऊस १४.५५० टन. पाचवी-सहावीची दशांश अपूर्णांकांची वजाबाकी ती हीच. पोराला पावती द्यावी आणि बेरीज-वजाबाकी तपासायला सांगावे. हंगामभराच्या पावत्या त्याच्याकडूनच वहीत उतरवून घ्याव्या. आपलाही हिशेब चोख राहील.

मग शेकडेवारी. साखर उतारा म्हणजे शेकडेवारीच. १०० किलो उसात साखर किती किलो, एवढाच त्याचा अर्थ. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये रास्त व किफायतशीर दर ठरवला, आणि त्यावर उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्का वाढीला ३ रुपये ४६ पैसे. आता पोराला विचारा: कारखान्याचा उतारा ११.०५ टक्के धरला तर टनाला दर किती? फरक ०.८० टक्के, म्हणजे आठ टप्पे. आठ गुणिले ३.४६ म्हणजे २७.६८. त्यात ३५५ मिळवले की ३८२.६८ रुपये क्विंटलला, म्हणजे टनाला ३,८२६ रुपये ८० पैसे. त्यातून तोडणी-वाहतूक टनाला ९०० रुपये गेली असे मानू, तर राहिले २,९२६.८०. ऊस ६२.५ टन गेला असेल तर बिल १,८२,९२५ रुपये. हे गणित सोडवणाऱ्या मुलाच्या हातून दशांश, गुणाकार, एकक बदल आणि शेकडेवारी एका झटक्यात होऊन जाते. शिवाय घरचे पैसे कुठून येतात आणि किती येतात तेही त्याला कळते. ते पोरांना कळू नये असे काही सभासदांना वाटते. आमचे मत उलट आहे.

लागणीच्या वेळी क्षेत्रफळ काढावे. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. सरीत अंतर ५ फूट आणि रोपांत २ फूट ठेवले तर एका रोपाला १० चौरस फूट जागा, म्हणून एकरी ४,३५६ रोपे. सातबारावर मात्र क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि एक एकर म्हणजे सुमारे ४०.४७ आर. पोराने एकदा स्वतः दोरी धरून बांध मोजला, की चौरस फूट आणि चौरस मीटर यांतला घोळ पुन्हा होत नाही.

टोळीचे गणित व्यस्त प्रमाणाचे. १२ कोयत्यांना एक प्लॉट तोडायला ५ दिवस लागतात, तर १५ कोयत्यांना किती? ६० भागिले १५, ४ दिवस. कोयते वाढले, दिवस घटले. माती परीक्षणाच्या अहवालात सामू येतो. विज्ञानाच्या पुस्तकातले आम्ल आणि आम्लारी ते हेच. उसाच्या कांडीवरच्या डोळ्यातून नवे रोप येते, त्याला पुस्तकात शाकीय प्रजनन म्हणतात.

आजोबा-आजींनाही यात काम आहे. पावकी, निमकी, दिडकी पाठ असलेली पिढी अजून काही घरांत आहे. ''अडीच गुणिले सोळा किती'' याचे उत्तर आजोबा नातवाच्या मोबाईलच्या आधी देतात, तेव्हा नातवाचे तोंड पाहण्यासारखे होते.

सेमी-इंग्रजीची भीती ही बरीचशी शब्दांची भीती आहे. मुलाच्या वहीतला एल.सी.एम. म्हणजे आपला लसावि, एच.सी.एफ. म्हणजे मसावि, परसेंटेज म्हणजे शेकडेवारी, रेशो म्हणजे गुणोत्तर, सिंपल इंटरेस्ट म्हणजे सोसायटीत आपण ऐकतो ते सरळ व्याज. वहीच्या शेवटच्या पानावर अशी जोडशब्दांची यादी मुलाकडूनच करून घ्यावी. दोन-तीन महिन्यांत शंभर शब्द होतात आणि बापाला वही परकी वाटत नाही. घरात मराठीत समजावून सांगितल्याने इंग्रजी बिघडेल ही समजूत मात्र काढून टाकावी. समजलेली गोष्ट दुसऱ्या भाषेत लिहिता येते. न समजलेली कुठल्याच भाषेत येत नाही.

आता नको त्या मदतीबद्दल. शाळेने प्रकल्प दिला की रात्री बारा वाजेपर्यंत आई थर्माकोल कापते, बाप ज्वालामुखीला रंग देतो, आणि पोरगं झोपलेले असते. काही ठिकाणी तर दुकानात तयार प्रकल्प मिळतात. गुरुजींना हे कळत नाही असे समजू नका. गाईडमधून उत्तरे उतरवणे जुनेच आहे; आता मोबाईलला प्रश्न विचारला की निबंध सुद्धा तयार होऊन येतो. मोबाईल सर्वस्वी वाईट असे आम्ही म्हणत नाही. बालभारतीची पुस्तके त्यावर फुकट मिळतात, आणि न कळलेला धडा पुन्हा ऐकता येतो. पण अभ्यासाच्या वेळी तो आईजवळ असावा, आणि काय पाहायचे ते सांगून तेवढ्यापुरता मागून घ्यावा. क्लास लावणे हा ज्याच्या त्याच्या ऐपतीचा प्रश्न. आम्ही इतकेच म्हणू की शाळा, मग क्लास, मग क्लासचाही गृहपाठ, अशा गाड्याला जुंपलेले मूल स्वतः विचार कधी करणार?

मुलींबद्दल दोन शब्द वेगळे लिहिणे भाग आहे. भाऊ सातवीला आणि बहीण आठवीला असली की संध्याकाळी सातला भाऊ पुस्तक घेतो आणि बहीण भाकरी थापायला बसते. धाकट्याला सांभाळायचे तिने, भांडी तिने, पाणी तिने. मग आठवीच्या निकालात ती मागे पडली की 'तिला डोकंच नाही' म्हणायला आपण मोकळे. घरात ठरवलेली अभ्यासाची वेळ दोघांचीही असली पाहिजे, आणि त्या तासातली कामे बापाने किंवा भावाने आधी उरकलेली असली पाहिजेत. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. ती मिळाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि शाळा सरकारी, स्थानिक संस्थेची किंवा अनुदानित हवी. या परीक्षेला मुलींना बसवावे. अर्ज शाळेतूनच भरला जातो, म्हणून आठवीच्या सुरुवातीसच मुख्याध्यापकांना विचारून ठेवावे.

शाळेत जायचे ते फक्त तक्रारीला आणि निकालाला, ही सवय मोडायला हवी. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, कायद्याने तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. कारखान्याच्या वार्षिक सभेला आपण ट्रॅक्टर भरून जातो. या समितीच्या सभेला कोरम भरत नाही. गृहपाठ किती द्यावा, तो तपासला जातो का, हंगामाच्या दिवसांत शाळा सुटल्यावर तासभर वर्गात बसून मुलांना अभ्यास करू द्याल का, हे विचारण्याची ती हक्काची जागा आहे.

शेवटी त्या कोयत्याकडे पुन्हा येतो. कोयता म्हणजे एक जोडपे, नवरा आणि बायको. अर्धा कोयता म्हणजे एकटा माणूस. या हिशेबात मूल कुठेच धरलेले नाही, पण फडात मोळ्या बांधायला, पाचट ओढायला, कोपीवर धाकट्याला सांभाळायला ते असतेच. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून येणाऱ्या या मुलांतली बरीचशी पाचवी ते आठवीच्याच वयाची असतात, कारण त्याहून लहान कडेवर असते आणि मोठे कोयता धरते. गावी हंगामी वसतिगृह असेल किंवा आजी असेल तर ती मागे राहतात, नाही तर टोळीबरोबर येतात. पूर्वी कारखान्यांच्या तळावर साखरशाळा चालत. आता कायद्याप्रमाणे जवळच्या शाळेने अशा मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात घ्यावेच लागते. शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला किंवा वर्षाच्या मध्ये आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. गावाहून शिक्षण हमी कार्ड आणले असेल तर काम आणखी सोपे होते.

आपल्या फडात टोळी उतरली की मुकादमाला पहिल्याच दिवशी विचारावे, शाळेच्या वयाची पोरे किती आणि कितवीत. त्यांची नावे लिहून जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे द्यावीत. जमल्यास सकाळी आपल्या पोराबरोबर त्यांनाही शाळेत पोचवावे. संध्याकाळी आपल्या ओसरीवर दिवा असतोच. सातच्या अभ्यासाला आणखी दोन पोरे बसली तर सतरंजी तेवढी मोठी लागते. मात्र मोळी बांधायला पोर नको म्हटल्यावर तोड थोडी रेंगाळेल. त्याची तयारी ठेवून शेतकी खात्याच्या स्लिप बॉयला आणि मुकादमाला तसे आधीच सांगावे.